साहेबांची बाव

जि. प. प्राथमिक शाळा, सुरूकोंड,
वेळणेश्वरजवळ
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय नझीर गुरुजी,
सप्रेम नमस्कार.

मी वेदिका शितप. १९७४ ते १९८६ तुम्ही जिथे मुख्याध्यापक होतात, त्या शाळेत गेली सहा वर्षं मी तुमच्याच खुर्चीत बसते. खुर्ची खरंच तीच आहे, डावा हात अजून हलतो. तुमचा मिरजोळ्याचा पत्ता यासीनभाईंनी दिला. मी फोन करणार होते, पण ते म्हणाले की अब्बांना फोनवर नुसती घरघर ऐकू येते, पत्र पाठवा, खूश होतील.

येत्या २६ जानेवारीला शाळेला शंभर वर्षं होतात. त्यासाठी मी कपाटातली सगळी शेरेबुकं बाहेर काढली. सात निघाली. शाळेत येऊन गेलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, शेरा आणि सही, आणि शेवटच्या रकान्यात मुख्याध्यापकाने त्यावर काय कार्यवाही केली ते. वाचता वाचता डबा खायचा राहिला. १९३१ साली एक तपासनीस लिहितात, 'मुलांची नखे वाढलेली आढळली.' कार्यवाही: 'कापली.' तुमचं बुक सगळ्यांत नेटकं आहे. पहिल्याच पानावर तुमच्या हातचे चार नियम आहेत, ते मी मुलांना मोठ्याने वाचून दाखवले.

आता कामाचं. आपल्या अंगणातल्या विहिरीला गाव 'साहेबांची बाव' म्हणतं. १९७८ साली मुंबईहून मोठे साहेब शाळा बघायला आले, पाण्याचे हाल बघून त्यांनी शेरा मारला आणि विहीर मंजूर झाली, असं सगळे सांगतात. शताब्दी समितीचे अध्यक्ष बाळा शिगवण यांनी सावर्ड्याला काळा दगड सांगितलाय. त्यावर साहेबांचं नाव आणि त्यांचा शेरा कोरून तो बावीवर बसवायचा आहे. मंजुरीच्या कागदावरून नाव मिळालं. पण शेरेबुकात साहेबांची सही मला कुठे दिसत नाही. ती कुठे असेल, एवढं सांगाल का?

आपली नम्र,
वेदिका शितप

मिरजोळे, रत्नागिरी
२७ नोव्हेंबर २०२४

श्रीमती शितप बाईंस,
सलाम आणि नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा सूनबाई म्हणाली, अब्बा, तुम्हाला कोण पत्र लिहितं? मी म्हटलं, माझी शाळा लिहिते. दोन दिवस मी घरात छाती काढून फिरतोय.

खुर्चीचा हात १९७९ साली मोडला. शेजारच्या केंद्रातले एक जाडजूड मुख्याध्यापक त्यावर बसले होते. मी तो काथ्याने बांधला होता. अजून धरून असेल तर काथ्याची कमाल आहे.

मुलं किती आहेत? माझ्या वेळी सत्तेचाळीस होती. सुरूची झाडं राहिली आहेत का? पावसाळ्यात पऱ्याला पाणी आलं की पलीकडच्या वाडीतली पोरं येत नसत आणि मी हजेरीपटावर 'पऱ्या भरला' असं लिहीत असे. एका साहेबांनी विचारलं होतं, हा पऱ्या कोण, रोज रोज कसा भरतो? ते देशावरचे होते, त्यांना ओढ्याला पऱ्या म्हणतात हे कुठून माहीत असणार.

माझे गुडघे गेले आहेत, बाकी ठीक. यासीनच्या आवारात एक काजू लावलाय, त्याच्याशी माझं बरं जमतं.

दगडावर नाव कोरण्याची कल्पना चांगली आहे, पण दगड महाग वस्तू. त्यापेक्षा मुलांना वह्या द्याव्यात, असं माझं मत. सहीचं म्हणाल तर इतक्या वर्षांनी काय सांगू. कागद फार झाले. वाळवीही असेल.

नझीर मुकादम

सुरूकोंड
५ डिसेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,
नमस्कार.

मुलं एकवीस आहेत. सुरू आहेत. वाळवी मात्र नाही, कारण तुम्ही प्रत्येक बुकात कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला होता. त्याचा चुरा माझ्या साडीभर झाला.

तुमच्या पत्राने जीव खूश झाला, पण सहीचं उत्तर तुम्ही काजूच्या झाडामागे लपवलंत असं मला वाटलं. रागावू नका.

मी बुक पुन्हा पान पान करून पाहिलं. मंजुरीच्या कागदात भेटीची तारीख ९ फेब्रुवारी १९७८ दिली आहे. त्या तारखेला बुकात नोंद आहे. पण नाव आणि हुद्द्याचा रकाना कोरा. शेरा तुमच्या अक्षरात आहे: 'मुले हुशार आहेत. पण पाणी लांब आहे. मुलांनी शिकायचे की पाणी आणायचे? येथे एक बाव हवी.' आणि सहीच्या जागी अंगठा. त्या शाईत काहीतरी चकचकीत चिकटलंय, अभ्रकाच्या कपचीसारखं. नखाने काढून बघू का?

बाळाभाऊंना दाखवलं. ते तेव्हा पहिलीत होते, स्वागताच्या रांगेत उभे होते. ते छातीठोकपणे सांगतात की साहेब आले, हार घातला, गाणं म्हटलं, साहेबांनी गणित घातलं आणि आपण बरोबर उत्तर दिलं म्हणून आपल्याला एक बांगडा बक्षीस दिला. बांगड्याशी आलं की सगळी वाडी हसते. इतकी वर्षं लोक त्यांना चिडवतात, साहेब काय खिशात मासळी घेऊन फिरत होते काय. ते चिडतात, पण गोष्ट बदलत नाहीत.

तर गुरुजी, एवढ्या मोठ्या साहेबांनी अंगठा का उठवला?

आपली,
वेदिका

मिरजोळे
१२ डिसेंबर २०२४

बाईंस,

तब्येत जरा नरम आहे. दोनच ओळी लिहितो. दगडाची घाई करू नका.

ते चकचकीत काढू नका.

नझीर मुकादम

सुरूकोंड
१९ डिसेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,

तब्येतीला जपा. यासीनभाईंना विचारलं तर ते म्हणाले, अब्बा ठणठणीत आहेत, फक्त आठ दिवस टेबलाशी बसून कागद फाडतायत. म्हणून पुन्हा लिहायचं धाडस करते.

समितीने अंगठ्याचा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. बाळाभाऊंचं म्हणणं, साहेबांच्या उजव्या हाताला प्लास्टर असणार, म्हणून शेरा त्यांनी सांगितला, तुम्ही लिहिलात, आणि त्यांनी डावा अंगठा दिला. सगळ्यांना पटलं. मलाही जवळजवळ पटलं. पण मग नावाचा रकाना तुम्ही कोरा का ठेवलात? चार नियम लिहिणारा माणूस नाव विसरत नाही.

सावर्ड्याचा कारागीर पाच जानेवारीला अक्षरं कोरायला घेणार आहे. एकदा कोरलं की पुढची शंभर वर्षं मुलं तेच वाचतील. मी त्यांची शिक्षिका आहे. चुकीचं नाव वाचायला शिकवलं तर तो दोष माझा. काय झालं होतं ते तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

तुमची,
वेदिका

मिरजोळे
२६ डिसेंबर २०२४

बेटा वेदिका,

बाई म्हणून लिहिलं तर हे पत्रही फाडीन, म्हणून बेटा म्हणतो.

साहेब आलेच नाहीत.

तेव्हा खाडीवर पूल नव्हता. पलीकडे जीप उभी करून होडीने यायचं. आम्ही आठ दिवस तयारी करत होतो. भिंती सारवल्या, झेंडूचा हार केला, पोरांना स्वागतगीत पाठ करून घेतलं. एकेकाचा एकच सदरा, तो आदल्या दिवशी धुऊन वाळवलेला. सकाळी आठपासून सत्तेचाळीस पोरं रांगेत उभी. अकरा वाजता होडीवाला रामा आला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, ओहोटी लागली, होडी चिखलात बसली, साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जीप वळवली.

मी पोरांना काय सांगू? त्यांचे पाय कातळावर भाजत होते. पाणी प्यायचं तर पऱ्यापर्यंत अर्धा मैल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आता सांगायला हरकत नाही.

तेवढ्यात मैमुना आली. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली, होडेकरांकडची. त्याच हंगामात डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आपल्या बाजूला यायला लागली होती. तीही त्या चिखलातून चालत आली होती, गुडघाभर. सावलीला म्हणून आवारात शिरली आणि पाटी उतरवून म्हणाली, "मास्तर, ही पोरां उनात का उभी केलंस?" मी खरं ते सांगितलं. ती रांगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साहेब नाय तर नाय. मी बघतंय ना तुझी शाळा."

कसं झालं मला माहीत नाही, पण मी तिला खुर्चीवर बसवलं. पोरांना सांगितलं, पाहुणे आले. हार घातला. पोरांनी गाणं दोन्ही कडव्यांसकट म्हटलं आणि तिने ते मांडीवर हात ठेवून नीट ऐकलं. कुठल्या साहेबाने माझ्या पोरांचं गाणं इतकं ऐकलेलं नाही. मग तिने गणित घातलं. बारा बांगडे, तीन घरं, एका घराला किती? सगळी ओरडली, चार. मग म्हणाली, आणि मास्तरच्या घरी पण द्यायचे झाले तर? सगळी बोटं मोजायला लागली. रांगेच्या टोकाला एक बारका, मान खाली घालून म्हणाला, तीन. तिने पाटीतला बांगडा पानात गुंडाळून त्याच्या हातात दिला. तोच तुमचा बाळा असणार. त्याला सांग, तो खोटं बोलत नव्हता.

जाताना तिने प्यायला पाणी मागितलं. माझ्याकडे नव्हतं. तेव्हा ती जे बोलली ते मी शेरेबुकात तसंच लिहून घेतलं. तिने अंगठा दिला. ते चकचकीत म्हणजे बांगड्याचं खवलं आहे, तिच्या अंगठ्याला चिकटलेलं.

आता माझा गुन्हा. शेऱ्याची नक्कल आठ दिवसांत वर पाठवायची असा नियम होता. मी पाठवली. 'दि. ९ फेब्रुवारी रोजी भेट दिलेल्या पाहुण्यांचा शेरा.' खोटं एक अक्षर लिहिलं नाही आणि खरंही पुरतं लिहिलं नाही. नावाचा रकाना कोरा ठेवला, कारण मासळीवालीचं नाव साहेबांच्या रकान्यात लिहिलं तर लोक हसतील, आणि नोकरीवर बेतेल, याची मला भीती वाटली. वरच्या कचेरीत साहेबांच्या दौऱ्याच्या कागदावर त्या तारखेला सुरूकोंड लिहिलेलं होतंच. कचेरीने दोन कागद जोडले. दोन वर्षांनी कातळ फोडून बाव झाली. गावाने मला पेढे दिले. पोरांनी घरी मासळीवालीचं सांगितलं होतं ते मोठ्यांनी हसण्यावारी नेलं, आणि बाव झाल्यावर पोरांनाही साहेबच आठवायला लागले. मंजुरी रद्द होईल म्हणून मी गप्प बसलो, आणि मग गप्प बसायची सवय झाली.

मैमुनाला सगळं ठाऊक होतं. ती बावीच्या कठड्याला पाटी टेकवायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "साहेबांच्या बावीचं पानी गोड हाय हां, मास्तर." तिने कधी काही मागितलं नाही. नावसुद्धा नाही. मी द्यायला हवं होतं. १९९९ साली ती गेली.

मला सत्काराला बोलावू नका. समितीला हे पत्र वाचून दाखवा आणि माझं जे व्हायचं ते होऊ दे. पण त्या दगडावर साहेबांचं नाव घालू नका.

नझीर मुकादम

सुरूकोंड
६ जानेवारी २०२५

प्रिय गुरुजी,

तुमचं पत्र तीस तारखेला मिळालं. पहिल्यांदा वाचून मी रडले, दुसऱ्यांदा हसले आणि तिसऱ्यांदा सावर्ड्याला फोन करून कारागिराला थांबवलं.

समितीपुढे मी पत्र वाचलं. अकरा माणसं होती. तुम्हाला कोणी काही बोललं असतं तर मी भांडले असते, तशी तयारी करून गेले होते. वाचून झालं. सगळे बाळाभाऊंकडे बघत होते, कारण दगडाची कल्पना त्यांची, आणि साहेबांना पाहिल्याची गोष्टही त्यांचीच. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी मान वर केलीच नव्हती. मला नुसता हात दिसला होता, आनि बांगडा. मी सत्तेचाळीस वर्षं सांगतोय, मला बांगडा मिळालता." मग सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. गुरुजी, त्या माणसाच्या तोंडावरचा आनंद तुम्ही बघायला हवा होता. ज्यांनी चिडवलं त्या प्रत्येकाने आता त्यांच्या घरी एकेक बांगडा पोचवायचा, असा ठराव त्यांनी तिथेच मांडला आणि तो मंजूरही झाला.

दगडावर मैमुना होडेकर यांचं नाव घालायचं ठरलं. एकही हात खाली राहिला नाही.

त्या मोहल्ल्यातलं माझ्या ओळखीचं एकच माणूस, अलफिया. ती आरोग्य सेविका आहे, मुलांची तपासणी करायला येते. आमच्या शेरेबुकात तिची सही पाच वेळा आहे, शेरा दरवेळी 'तपासणी केली' एवढाच. मी तिला विचारलं, तुमच्याकडे कोणी मैमुना होत्या का? म्हणाली, माझी दादी. मी सगळं सांगितल्यावर ती तिथेच पायरीवर बसली. तिची दादी घरात म्हणायची, मी एक दिवस साहेब होते. सगळ्यांना ती चेष्टा वाटायची.

आता एक अडचण आहे आणि ती तुम्हीच करून ठेवलीय. बुकातला नावाचा रकाना अजून कोरा आहे. दगडावर एक आणि दप्तरात दुसरं, असं मला चालणार नाही. मी भरू शकत नाही. अलफियाही नाही. तुमचा तिसरा नियम असा आहे: 'नोंदीत दुरुस्ती करणे झाल्यास ज्याने नोंद केली त्यानेच करावी व शेजारी तारखेसह सही करावी.'

तेव्हा गुडघ्यांची सबब चालणार नाही. यासीनभाई गाडी काढतायत. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला या, पुढे आम्ही आहोत. सत्कार करणार नाही, शब्द देते. तुम्हाला कामासाठी बोलावतेय.

तुमची,
वेदिका

मिरजोळे
१३ जानेवारी २०२५

बेटा वेदिका,

स्वतःच्याच नियमात सापडलेला माणूस काय बोलणार. येतो.

दोन अटी. एक, शाईची दौत आणि टाक माझा मी आणीन, तुमच्या बॉलपेनने मी शेरेबुकात लिहिणार नाही. दोन, दुरुस्त केलेल्या नोंदीची नक्कल आठ दिवसांत वर पाठवायची. या वेळी पुरती.

काल सुनेने विचारलं, अब्बा, आज तुम्ही जेवताना गुणगुणत होतात, ते काय? मला कळलंच नव्हतं. ते स्वागतगीत होतं. दोन्ही कडवी आठवली.

नझीर

सुरूकोंड
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय गुरुजी,

तुम्ही सुखरूप पोचलात हे यासीनभाईंनी कळवलं. गुडघ्यांना तेल लावताय ना?

त्या दिवशी गर्दीत तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. तुम्ही टाक दौतीत बुडवलात आणि अंगठ्याशेजारी 'श्रीमती मैमुना होडेकर, मासळी विक्रेत्या' असं लिहिलंत, तेव्हा मी तुमच्या खांद्यामागेच उभी होते. सही केलीत, तारीख घातलीत आणि मग शाई वाळेपर्यंत पानावर वारा घालत बसलात. मी शाळेत खूप साहेब पाहिले, पण मला कोणाचा एवढा अभिमान वाटला नव्हता. ते खवलं अजून जागेवर आहे.

नक्कल ३० जानेवारीला वर पाठवली, तुमच्या मुदतीत. सोबत तुमचं पत्र जोडलं नाही, ते माझ्याकडेच राहील. आज पोच आली. 'शेऱ्याची नोंद घेण्यात आली.' एवढंच, खाली शिक्का. बाळाभाऊंनी त्या कागदाची चौकट करून घेतलीय. त्यांच्याकडे रोज कोणी ना कोणी बांगडा आणून देतं. वहिनी वैतागल्यात, ते नाही.

बावीला गाव अजून साहेबांचीच बाव म्हणतं. मी आधी मुलांना टोकत होते. पण पहिलीतल्या एकीने दगडावर बोट ठेवून वाचलं आणि मला समजावलं, बाई, साहेब म्हणजे याच, ह्या मैमुना. तेव्हापासून मी टोकायचं सोडलं.

परवा अलफिया तपासणीला आली होती. काम झाल्यावर बावीवर गेली, तांब्याभर पाणी काढून कठड्याला टेकून प्यायली आणि मग शेरेबुक मागितलं. नेहमीसारखं 'तपासणी केली' लिहील असं मला वाटलं. तिने लिहिलं: 'शाळा पाहिली. पाणी प्यायले. गोड आहे.'

नियमाप्रमाणे शेवटचा रकाना मला भरायचा होता. खूप विचार केला आणि जे केलं तेच लिहिलं. कार्यवाही: पाहुण्यांना आणखी एक तांब्या पाणी दिले.

तुमची,
वेदिका